प्रोजेक्ट पोराचं, जागरण आईचं!

डिसेंबर-जानेवारी आला की गावोगावच्या शाळांमधून विज्ञान प्रदर्शन, आनंद मेळावा, हस्तकला यांची एकच धांदल उडते. त्याच दिवसांत स्टेशनरीच्या दुकानात डोकावून बघा. काउंटरपाशी मुलं कमी आणि आयाच जास्त दिसतील. ‘पाणी वाचवा’चा तक्ता आहे का हो, ज्वालामुखी तयार मिळेल का, ‘आपले मदतनीस’ची चित्रं द्या, आणि हो, चकाकी पण द्या! दुकानदारालाही आता सगळे इयत्तेप्रमाणे विषय पाठ झालेत. रात्री जेवणं उरकली, ओटा आवरला, की आई कात्री-डिंक घेऊन बसते. पोरगं शेजारी पेंगत असतं. दुसऱ्या दिवशी त्या प्रोजेक्टला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळतो. आता मला सांगा मैत्रिणींनो, तो शेरा कुणाचा?

‘कृतीतून शिक्षण’, ‘पालकांचा सहभाग’ हे दोन शब्द आपण गेली कित्येक वर्षं पालकसभेत ऐकतो. शब्द फार चांगले आहेत. पण त्यांचा आपल्याकडे असा काही घोळ झालाय की, कृती आईने करायची आणि त्यालाच सहभाग म्हणायचं! खरं तर पोराने स्वतःच्या हाताने करून बघावं, म्हणून कृतीतून शिक्षण. आणि घरच्यांना जे येतं ते शाळेत पोचावं, शाळेत काय चाललंय ते घरच्यांना कळावं, म्हणून पालकांचा सहभाग. पोरासाठी तक्ता रंगवून देणं या दोन्हींत कुठेच बसत नाही.

हात चालला की डोकं चालतं

पहिली-दुसरीतल्या मुलाला नुसतं सांगून का समजत नाही? एक साधं उदाहरण घेऊ. ‘तेवीस लिही’ म्हटलं की कितीतरी मुलं 32 लिहितात. आपण वैतागतो, ‘लक्ष कुठाय तुझं?’ म्हणतो. पण जरा कान देऊन ऐका. तेवीस म्हणताना आपण ‘ते’ म्हणजे तीन आधी म्हणतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि तीन नंतर! पोर बिचारं ऐकलं तसं लिहितं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असंही दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? टीव्हीवर चर्चा झाल्या, विनोद झाले. त्या वेळी गणित समितीवर असलेल्या मंगलाताई नारळीकर हेच समजावून सांगत होत्या, की लहान मुलांना जोडाक्षरांनी भरलेले आणि उलटे ऐकू येणारे हे शब्द जड जातात.

वाद राहू दे बाजूला. घरात खराट्याच्या काड्या तर असतात? सारख्या लांबीच्या काड्या मोडायच्या. दहा-दहाचा गठ्ठा करून दोऱ्याने बांधायचा, आणि तो पोरानेच बांधायचा. दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या की तेवीस डोळ्यांना दिसतात. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या ठेवल्या की बत्तीस दिसतात. दोन्ही ढीग शेजारी ठेवा आणि कोणता मोठा ते विचारा. फळ्यावर दहादा सांगून जे होत नाही ते इथे एका बैठकीत होऊन जातं. ‘एकोणतीस’ला तर गंमतच येते. तीन गठ्ठे मांडायचे आणि एका गठ्ठ्यातली एक काडी काढून घ्यायची. तीसला एक उणा! शब्दाचा अर्थ पोराच्या हातात येतो.

गठ्ठा बांधताना एखादी काडी कमी-जास्त होणारच. होऊ द्या. ‘अरे, नऊच झाल्या की!’ हे त्याचं त्याला कळलं तर ते विसरत नाही. आपण पटकन हात घालून दुरुस्त केलं, की ती शिकायची संधी आपणच हिरावून घेतो. मोठ्या माणसाला दोन मिनिटांत होणारं काम पोराला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासातच त्याचं शिकणं असतं.

मला काय येतंय?

बचत गटाच्या निमित्ताने मी बऱ्याच वस्त्यांवर जाते. शाळेत जाऊन मुलांना काहीतरी दाखवा म्हटलं, की बायकांचं एकच उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो ताई, आम्ही अडाणी. आम्हाला काय येतंय? ते मास्तरचं काम.’ दहावी-बारावी झालेल्यासुद्धा हेच म्हणतात. मग मी त्यांना विचारते, तुमच्या घरात चिपटं-मापटं आहे का?

आता शहरात ही मापं दिसत नाहीत, पण खेड्यात अजून एखाद्या आजीच्या कणगीपाशी सापडतात. दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिरींची पायली. म्हणजे पायलीत चार शेर, आठ मापटी, सोळा चिपटी. प्रांतोप्रांती नावात, मापात थोडा फरक असेल, पण दुपटीचा हिशेब तोच. चौथीच्या मुलांना अर्धा, पाव, अष्टमांश शिकवताना गुरुजींच्या तोंडाला फेस येतो. आजीने शाळेच्या ओसरीवर ज्वारीचं पोतं सोडलं, मुलांना मापं दिली आणि ‘भरा बरं पायली चिपट्यानं’ म्हटलं, तर तासाभरात पोरं सोळा वेळा भरून मोकळी होतील. मग मापट्यानं किती वेळा लागेल ते भरायच्या आधीच ओरडून सांगतील. आजीला अक्षर येत नसेल, अपूर्णांक येतो!

आपल्या बोलण्यातच केवढं गणित आहे बघा. भाकरी अर्धी, भाकरी चतकोर, आणि त्याहून लहान तुकडा म्हणजे नितकोर. अर्ध्याचा अर्धा म्हणजे चतकोर हे कुठलं पोर जेवताना विसरतं का? पण तेच पोर वहीत ‘एक छेद चार’ आला की बावरतं. कारण ताटातली चतकोर आणि वहीतला एक छेद चार या एकच गोष्टी आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हा सांधा जुळवून देणं हेच तर शाळेचं आणि घराचं मिळून काम आहे.

रांगोळीचं घ्या. ‘सात ते चार’ ठिपके काढायचे म्हणजे मधली ओळ सातची, तिच्या दोन्ही बाजूंना सहा, मग पाच, मग चार. एकूण ठिपके किती? सदतीस. मोजून नाही, बेरीज करून काढा म्हटलं की तिसरी-चौथीचा एक अख्खा तास रंगतो. पाच ओळीत पाच-पाच ठिपके काढले की पाचा पाचा पंचवीस समोर दिसतात. उजवीकडची पाकळी डावीकडे तशीच उतरवायची म्हणजे आकृतीची समानता. गोधडी शिवणाऱ्या बाईला चौकोनी तुकडा तिरका कापला की दोन त्रिकोण होतात हे कुणी शिकवलं होतं?

आणि विज्ञान? त्यासाठी मोड आलेली मटकी पुरे. तीन वाट्या घ्या. एकीत कोरडी मटकी. दुसरीत रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधलेली. तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून तशीच ठेवलेली. मुलांनी रोज उघडून बघायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं, चित्र काढायचं. कोरडीला काहीच होत नाही. फडक्यातलीला छान मोड येतात. बुडालेली मात्र फुगते आणि पुढे वास मारू लागते. म्हणजे बीला पाणी हवं, तशी हवाही हवी. थंडीत मोड यायला उशीर लागतो, म्हणून आपण पुरचुंडी चुलीजवळ किंवा डब्यात उबेला ठेवतो. म्हणजे ऊबही हवी. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. पण चार दिवस वाट बघून, नाकाला वास घेऊन जे पोर शिकलं त्याला ते पाठ करावं लागत नाही.

मेथीची जुडी आणि आईची मजुरी

जिल्हा परिषदेच्या शाळांमधून आनंद बाजार भरतो, तो बहुतेकींनी पाहिला असेल. मुलांनी भाजी, भेळ, चणे-फुटाणे, चहा विकायचा आणि गावाने गिऱ्हाईक म्हणून यायचं. कल्पना उत्तम! पण बऱ्याच ठिकाणी काय होतं, तर भेळ आई करते, दुकान आई मांडते, पैसे आई घेते आणि पोरगं शेजारच्या दुकानात वडापाव खात बसतं. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत दोन वर्षं हेच चाललं होतं. तिसऱ्या वर्षी तिथल्या बाईंनी नियम केला. आयांनी फक्त गिऱ्हाईक म्हणून यायचं, दुकानामागे उभं राहायचं नाही. आणि प्रत्येक मुलाने खर्च किती, विक्री किती, नफा किती हे वहीत लिहून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. हिशेबाच्या वेळी आयांनाही बोलावलं होतं. मीही गेले होते.

चौथीतला एक मुलगा उभा राहिला. त्याने मेथीच्या वीस जुड्या दहा रुपयांनी विकल्या होत्या. वहीत लिहिलं होतं : विक्री 200, खर्च 0, नफा 200. बाईंनी विचारलं, खर्च शून्य कसा रे? तर तो म्हणाला, ‘मेथी घरचीच आहे बाई. फुकटची.’

मागे त्याची आई बसली होती. कधी सभेत तोंड न उघडणारी बाई. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, ‘फुकटची कशी? बी काय आभाळातून पडलं? आन् अर्धा दिस मी खुरपत व्हते ते?’

वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहायला सुरुवात केली. बी 30 रुपये. खत-पाणी 40 रुपये. मग त्यांनी मुलांनाच विचारलं, मजुरी किती धरायची? आई दुसऱ्याच्या रानात अर्धा दिवस खुरपायला गेली असती तर किती मिळाले असते? मुलांची कुजबुज झाली. शेवटी 150 वर एकमत झालं. बेरीज 220. विक्री 200. मुलगा फळ्याकडे बघतच राहिला. ‘म्हणजे बाई, मी तोट्यात गेलो?’

त्यानंतर एकेक मूल उठून आपला हिशेब दुरुस्त करू लागलं. भेळवाल्या मुलीने आईने कांदा चिरायला, चिंचेचं पाणी करायला घातलेला वेळ लिहिला. शेंगदाण्याच्या चिक्कीवाल्याने गॅस लिहिला, गूळ लिहिला आणि खाली ‘आईची मजुरी’ असा नवा रकाना पाडला. मला विचाराल तर त्या दिवशी त्या वर्गात नुसता नफा-तोटा शिकवला गेला नाही. आपल्या घरातल्या, शेतातल्या ज्या कामाचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो, तो दहा वर्षांच्या पोरांच्या वहीत पहिल्यांदा लिहिला गेला. आणि तो लिहिला गेला, कारण आई त्या वर्गात होती आणि बाईंनी तिचं बोलणं ‘मध्ये बोलू नका’ म्हणून उडवून लावलं नाही.

ही वाट आपल्याच बायकांनी पाडली

कुणाला वाटेल, हे परदेशातलं नवीन खूळ आहे. मुळीच नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची म्हणजे नई तालीमची मांडणी केली. सूतकताई, शेती, सुतारकाम यांच्याभोवती गणित-भाषा-भूगोल गुंफायचा, असा तो विचार होता.

आणि त्याहून आपल्याला जवळचं नाव म्हणजे ताराबाई मोडक. वयाच्या पन्नाशीनंतर, 1945 साली, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये येतं. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पण शिकून शिक्षिका झालेल्या. बालशिक्षणाची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे, माती ही साधनं केली. मोजायला, जुळवायला, लावायला ती छान उपयोगी पडली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये त्यांचं काम वाढलं.

तिथे अडचण वेगळीच होती. मुलं शाळेत येतच नव्हती. लहान भावंडं सांभाळायची, गुरं राखायची, तर येणार कशी? या दोघींनी आई-बापांना ‘तुम्हाला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असं म्हणत बसण्यापेक्षा शाळाच उचलून नेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरायची त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. आज देशभर गावोगाव जो ‘अंगणवाडी’ शब्द आहे, त्याचं मूळ या अंगणात आहे. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते, की घर आणि शाळा यांच्यामधली भिंत त्यांनी पाडून दाखवली.

ही वाट पुढेही चालू राहिली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. फलटणला मॅक्सीनताई बर्नसन यांनी 1986 साली कमला निंबकर बालभवन काढलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी मराठी आपलीशी केली आणि फलटणसारख्या गावात मराठी माध्यमाची, अनुभवातून शिकवणारी शाळा उभी केली. या शाळा मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्तीतल्या नाहीत, हे लक्षात घ्या.

कायद्याने दिलेली खुर्ची

आता थोडं हक्काचं बोलू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे, मुलांनी कृतीतून, शोध घेत, करून बघत शिकावं हे या कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे ती कुण्या हौशी बाईंची मर्जी नाही. दुसरी म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं, शाळेच्या कामावर आणि मिळालेल्या पैशाच्या विनियोगावर देखरेख ठेवणं हे तिचं काम आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही, पण तिथे पालक-शिक्षक संघ असतो.

निम्म्या बायका! कागदावर त्या असतातच. प्रत्यक्षात शिपाई घरी रजिस्टर घेऊन येतो, ‘वहिनी, इथं सही करा’ म्हणतो आणि आपण कणकेचा हात पुसून सही करतो. कशावर केली ते विचारतही नाही. ही सवय मोडायला हवी. सभेला जा. आणि गेल्यावर शेवटच्या रांगेत पदर सावरत बसण्यापेक्षा चार साधे प्रश्न विचारा. शाळेत आलेलं गणिताचं, विज्ञानाचं साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात? आठवड्यातून किती वेळा मुलं स्वतः काही करून बघतात? तयार तक्ते, विकतचे प्रोजेक्ट बंद करता येतील का? आणि सभा संध्याकाळी घेता येईल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईला आमंत्रणच नाही.

शाळेत शिरायला आज दारंही बरीच उघडी आहेत. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 2022 पासून शाळापूर्व तयारी मेळावे झाले, आयांचे गट झाले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यात सुतार, कुंभार, माळी यांच्याकडून शिकावं असं सुचवलं आहे. 2024 साली राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. मग आपण गुरुजींना जाऊन इतकंच म्हणायचं, ‘एका शनिवारचा अर्धा तास आम्हाला द्या.’

पण एवढं सांभाळा

हात वापरायचे म्हणजे पोरांना राबवायचं नव्हे. वर्ग झाडायला, पाणी भरायला नेहमी त्याच चार मुलांना लावायचं, आणि तीही कोणत्या घरची ते बघून, आणि त्याला ‘श्रमसंस्कार’ म्हणायचं, हे आपण चालवून घेता कामा नये. शाळा झाडायची तर सगळ्यांनी पाळीने, गुरुजींसकट!

दुसरं, मुलींना रांगोळी आणि मुलांना स्क्रू ड्रायव्हर अशी वाटणी नको. पोळी लाटताना मुलाचा हात लागू दे आणि सायकलचं पंक्चर काढायला मुलगी बसू दे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घरं करायची युक्ती अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या मुलांना दाखवली. त्यासाठी मुलगा-मुलगी बघावं लागत नाही, आणि पैसाही फारसा लागत नाही.

आणि तिसरं, पालक म्हणजे फक्त आई नव्हे. सहभाग म्हटला की आईचा गट, आईचा मोबाइल, आईची सही! चुलीपासून रानापर्यंत तिच्याच अंगावर, वर शाळाही तिच्याच अंगावर. मोटार दुरुस्त करणारे बाबा, गवंडीकाम करणारे काका, गाडीला वंगण घालणारे आजोबा यांनाही शाळेत बोलवा. गवंडी ओळंबा धरून भिंत सरळ कशी बघतो, हे बघायला आख्खा वर्ग बाहेर धावेल.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा प्रोजेक्ट आला की कात्री आणि डिंक पोराच्या हातात द्या. वाकडंतिकडं चिकटवू दे. चकाकी नसली तरी चालेल. ‘शेजारच्या बंटीचं किती छान झालंय’ हे तेवढं म्हणू नका. बाईंनी कमी मार्क दिले तर शांतपणे जाऊन सांगा, ‘बाई, हे त्याने स्वतः केलंय.’ चांगल्या शिक्षिकेला त्याची किंमत कळते. जिला कळत नसेल तिला कळू लागेल, जर अशा सांगणाऱ्या आया चार-पाच असतील.

आणि आपलं जागरण वाचलं, तर त्या वेळात एकच गोष्ट करा. आपल्याला काय काय येतं त्याची एका कागदावर यादी करा. पापड, गोधडी, बी राखणं, दुधाचा हिशेब, भिशीचा हिशेब, ओव्या, झाडपाल्याची औषधं, शिवणाचं माप. लिहून झाली की मोजा. मग शाळेच्या पुढच्या सभेला जाताना तो कागद बरोबर न्या.